मान डोलावणं थांबव, हरकत घे

पत्र

प्रिय मावशी,

मी ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. वय 24. सध्या जेरुसलेममध्ये वर्षभराच्या एका अभ्यासक्रमाला आहे. मुलं-मुली एकत्र असतात आणि सकाळभर बेत मिद्राशमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या मोठ्या दालनात, जोडीनं तालमूद, म्हणजे यहुदी धर्मशास्त्रावरच्या वादचर्चांचा प्राचीन ग्रंथ, वाचायचा असतो. माझी हवरुता, म्हणजे अभ्यासातली जोडीदार, न्यू जर्सीची. ती शाळेपासून हेच शिकत आलेली. तिचं पान वाचून होतं तेव्हा मी तिसऱ्या ओळीवर असते. हिवाळ्यात एकदा ती सहज म्हणाली, "तुमच्याकडे तालमूद नव्हताच ना?" मी हसून सोडून दिलं. पण तेव्हापासून ती काहीही म्हणाली की मी 'हो, बरोबर' म्हणते. मागच्या महिन्यात तालमूदच्या सोता या खंडात 'मुलीला तोरा (धर्मशास्त्र) शिकवणं म्हणजे तिला चवचालपणा शिकवणं' असं वाक्य आलं. ती म्हणाली, त्या काळी असंच होतं, चल पुढे. आम्ही पुढे गेलो, पण माझं मन अजून त्याच ओळीवर अडकलंय.

आता सत्र संपताना प्रत्येकानं सगळ्यांसमोर पाच मिनिटं बोलायचंय: या अभ्यासानं मला काय दिलं. मागच्या वेळी लोक आपल्या रब्बी, म्हणजे धर्मपंडित, आजोबा-पणजोबांबद्दल बोलले, ऐकणारे रडले. मला सुचवलं गेलंय की मी साडी नेसून मलिद्याबद्दल, म्हणजे आपल्या प्रार्थनेच्या गोड ताटाबद्दल, बोलावं. मी काय बोलू? जोडीदार बदलून मागू का? आणि खरं सांग, मला तिथे बसायचा हक्क आहे का?

— एक विद्यार्थिनी

उत्तर

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य सोता खंडातलं नाही. ती काहीही म्हणाली की तू 'हो, बरोबर' म्हणतेस, हे वाचून मी थांबले. म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

बावा मेत्सिआ खंडाचं 84 वं पान काढ, पहिली बाजू. तिथे रब्बी योहानान आणि रेश लाकीश यांची हकिगत आहे. दोघं तिसऱ्या शतकातले, गालीलच्या भागातले. रेश लाकीश पूर्वी दरोडेखोर होता. योहानाननं त्याला अभ्यासाकडे वळवलं, आपली बहीण त्याला दिली, आणि दोघं समोरासमोर बसून शिकत राहिले. एके दिवशी वाद निघाला तो तलवारी-सुऱ्यांवरून. विटाळ लागतो तो पूर्ण झालेल्या वस्तूला, मग हत्यार पूर्ण झालं असं कधी म्हणायचं? योहानान म्हणाला, भट्टीत तापवलं की. रेश लाकीश म्हणाला, पाण्यात घालून चकाकी आली की. त्यावर योहानान बोलून गेला: दरोडेखोराला आपला धंदा ठाऊक असणारच.

पूर्वायुष्यावरचं ते एक वाक्य रेश लाकीशला असं लागलं की तो आजारी पडला. बहिणीनं भावाच्या विनवण्या केल्या, पण योहानान नमला नाही. रेश लाकीश गेला. मग मात्र योहानानला त्याच्यावाचून राहवेना. लोकांनी त्याचं मन रमावं म्हणून एलाझार बेन पेदात या बुद्धिमान विद्वानाला त्याच्यासमोर बसवलं. योहानान जे जे म्हणे त्याला एलाझार जुन्या वचनाचा आधार काढून देई: हे पाहा, तुमच्या म्हणण्याला पुष्टी आहे. योहानान कळवळून म्हणाला, मी बरोबर आहे हे मला कळत नाही का? लाकीशचा मुलगा (म्हणजे रेश लाकीश) माझ्या एकेका म्हणण्यावर 24 हरकती घ्यायचा, मी 24 उत्तरं द्यायचो, आणि त्यातून विषय आपोआप मोठा व्हायचा. मग तो कपडे फाडून, कुठे आहेस रे तू, कुठे आहेस, म्हणत रडत फिरला. त्यातच त्याचं भान हरपलं आणि तो गेला.

ही हकिगत अभ्यासाच्या जोडीचं गुणगान म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि सांगताना दरोडेखोराचं वाक्य घाईत उरकलं जातं. मला दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे वाटतात. 'तुम्ही कुठून आलात' याबद्दलचा एक शब्द तालमूदमधली सगळ्यात प्रसिद्ध जोडी मोडून गेला, आणि हे तालमूदनंच लिहून ठेवलं आहे. तेव्हा हिवाळ्यातलं ते वाक्य तुला लागलं म्हणून तू हळवी ठरत नाहीस. दुसरं असं, की एलाझार बेन पेदात अडाणी नव्हता. होकार देण्यासाठी लागणारी सगळी विद्वत्ता त्याच्याकडे होती, तरीही योहानानला त्याचा उपयोग झाला नाही. तुझ्या जोडीदारासमोर आज एक एलाझार बसला आहे. तिला कितीही येत असो, गेले काही महिने ती एकटीच शिकते आहे, आणि तिला ते माहीतसुद्धा नाही.

आता तिचं वाक्य. 'तुमच्याकडे तालमूद नव्हताच ना?' हे खरं आहे, आणि आपण ते मान वर करून सांगावं. कोकणात आपल्या पूर्वजांनी शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळला, सुंता केली, अन्नाचे नियम सांभाळले, शेमा ही प्रार्थना म्हटली. तेलाच्या घाण्यांवर शनिवारी काम बंद ठेवलं म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तालमूद त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. दावीद रहाबीची परंपरागत गोष्ट तू ऐकली असशील. बाहेरून आलेल्या या यहुद्यानं इथल्या बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवले, आणि त्यांनी पंख व खवले असलेले तेवढेच रांधायला घेतले. त्यावरून त्यानं हे आपले लोक असं ओळखलं. गोष्टीत इतिहास किती ते बाजूला ठेवू. आपल्या लोकांनी आपली ओळख सांगताना बायकांच्या हातातलं ज्ञान पुढे केलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण त्या वाक्याला आणखी एक काटा आहे, आणि तो न्यू जर्सीच्या मुलीला माहीत असण्याचं कारण नाही. इस्रायलमध्ये गेलेल्या आपल्या लोकांच्या लग्नांवर तिथल्या धर्मपीठानं शंका घेतली. शंकेचं कारण हेच होतं: तालमूदी कायदा ठाऊक नसताना यांच्या पिढ्यांनी घटस्फोट आणि विधवेच्या दिराशी लग्नाचे नियम नीट पाळले असतील कशावरून? 1962 साली बेने इस्रायल वधू-वरांच्या वंशाची चौकशी करायचे आदेश निघाले. 1964 मध्ये आपली माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसली, ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्रायलच्या संसदेनं, त्यांच्या बाजूनं ठराव केला आणि नंतर त्या आदेशातून बेने इस्रायल हे नाव गेलं. 'तुमच्याकडे तालमूद नव्हता' हे वाक्य आपल्याकडे एकदा सरकारी शिक्क्यानिशी येऊन गेलं आहे. तू हसलीस, पण अंगावर काटा आला असणार, तो यामुळे. हे तिला सांग. रागानं नको, माहिती म्हणून सांग. तिला ऐकायला वेळ लागला तर लागू दे.

आणि एक गोष्ट तुम्ही दोघींनी मिळून मोजावी. तिच्या आजीकडे तरी तालमूद होता का? घरात असेल, कपाटात, आजोबांच्या नावानं. बायकांनी तो उघडून जोडीनं वाचायचा ही सोय बहुतेक यहुदी जगात तुझ्या-माझ्या आठवणीतली आहे. तुझ्यासारख्या नवख्यांसाठी मुलं-मुली एकत्र शिकणारी जेरुसलेममधली पार्देस ही संस्था 1972 ची. बायकांना हे शिकवणाऱ्या संस्थांपैकी न्यू यॉर्कची द्रिशा 1979 ची, जेरुसलेमची मातान 1988 ची. रोज एक पान वाचून साडेसात वर्षांत 2,711 पानं संपवायचा दाफ योमी हा उपक्रम 1923 साली सुरू झाला, आणि हजारो बायकांनी जेरुसलेमच्या मोठ्या सभागृहात जमून त्याची सांगता केली ती जानेवारी 2020 मध्ये. त्या दालनात बसलेल्या प्रत्येक मुलीच्या पणजीला हा दरवाजा बंद होता, मग ती पोलंडची असो, मोरोक्कोची असो की रेवदंड्याची. तू उशिरा आलीस असं तुला वाटतं. बाई म्हणून पाहिलं तर तुम्ही दोघी एकाच वेळी आलात.

त्यामुळे हक्काचा प्रश्न इथेच मिटतो. तू रोज सकाळी येऊन बसतेस आणि ओळ लावायचा प्रयत्न करतेस, यापेक्षा वेगळा दाखला तिथे कोणाकडेच नाही.

आता सोता, 20 वं पान. ती ओळ मी तुझ्याबरोबर पुन्हा वाचते, कारण 'त्या काळी असंच होतं' हे उत्तर त्या पानावरच टिकत नाही. त्या मिश्नेत, म्हणजे ज्यावर तालमूदची चर्चा चालते त्या मूळ वचनात, बेन अझ्झाई आधी बोलतो: मुलीला तोरा शिकवणं बापावर बंधनकारक आहे. रब्बी एलिएझरचं तुला टोचलेलं वाक्य त्याच्यानंतर येतं. म्हणजे 'त्या काळी' या प्रश्नावर भांडण चालू होतं. बेन अझ्झाईचं कारणही फार सुखाचं नाही, तेही नीट वाच. संशयित बायकोला कडू पाणी पाजण्याच्या विधीबद्दल ते प्रकरण आहे, आणि गाठीला पुण्य असेल तर शिक्षा लांबते हे मुलीला कळावं म्हणून शिकवा, असं तो म्हणतो. आपल्या सोयीचा माणूसही पूर्ण सोयीचा निघत नाही. तालमूद वाचताना हे वारंवार होतं, आणि ते लपवून पुढे जाण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

पण तुझ्यासाठी खरा खजिना जेरुसलेमच्या तालमूदमध्ये आहे (तुम्ही वाचता तो बाबिलोनचा, हा दुसरा), त्याच मिश्नेवरच्या चर्चेत, सोताच्या तिसऱ्या अध्यायात. एक प्रतिष्ठित बाई रब्बी एलिएझरकडे येऊन प्रश्न विचारते: सोन्याच्या वासराचं पाप एकच होतं, मग लोकांना तीन वेगवेगळ्या तऱ्हेची मरणं का आली? प्रश्न अस्सल आहे. बायबलमधल्या निर्गमचा, जिथे लोक सोन्याचं वासरू करून पूजतात तो, 32 वा अध्याय लक्षपूर्वक वाचल्याशिवाय तो सुचायचाच नाही. एलिएझर उत्तर देत नाही. बाईची अक्कल चातीपुरती, असं म्हणून तिला वाटेला लावतो. त्याचा मुलगा हुर्कानोस कुरकुरतो, की तिला तोरेतला एक शब्द सांगितला नाहीत म्हणून तिच्याकडून मिळणारा वर्षाला तीनशे कोर (धान्याचं माप) दशमांश बुडवलात माझा. बाप म्हणतो, तोरेचे शब्द जळून जावेत पण बायकांच्या हाती लागू नयेत.

आणि मग ती बाहेर पडल्यावर त्याचे शिष्य म्हणतात: रब्बी, तिला तर घालवून दिलंत, आता आम्हाला काय उत्तर देता?

हे वाक्य मी अनेक मुलींना वाचून दाखवलं आहे आणि दर वेळी माझा आवाज भरून येतो. तिचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. पण तिचा प्रश्न दालनात राहिला. ज्यांना तिच्याइतका बारीक प्रश्न पडला नव्हता त्या पुरुषांना तो आता सोडवावा लागला, आणि पुढे त्यावर उत्तर दिलेलंही आहे. मला एलिएझरला माफ करायचं नाही. त्याचं वाक्य शतकानुशतकं मुलींच्या तोंडावर फेकलं गेलं, त्यानं खरंच दारं बंद झाली. तुझा राग जागेवर आहे, तो कोणी समजूत घालून काढून घेऊ नये. फक्त तो राग घेऊन पान उलटू नकोस. त्या शिष्यांसारखी थांब आणि विचार: मला काय उत्तर देता?

मी तुझ्या जागी असते तर पाच मिनिटांत हेच बोलले असते.

असल्या सभांमधली मनोगतं मी खूप ऐकली आहेत. बहुतेकांत माणूस स्वतःबद्दल बोलतो आणि पान कुठेच नसतं. आपल्या मुळांशी नातं जुळलं, घरी आल्यासारखं वाटलं, एक नवं कुटुंब मिळालं. हे खोटं नसतं, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तू उलट कर. जेरुसलेमच्या तालमूदमधल्या त्या चार ओळी मुळातून मोठ्यानं वाच. अडखळलीस तरी चालेल, तिथे सगळेच अडखळतात. मग साध्या भाषेत अर्थ सांग. तू कुठे थांबलीस ते सांग. जोडीदार काय म्हणाली, त्यावर तू काय म्हणायला हवं होतंस आणि आता काय म्हणतेस, तेही सांग. तिची परवानगी आधी घे, आणि हे बोलणं आधी तुमच्या टेबलावर होऊ दे. तिला सभेत पहिल्यांदा कळता कामा नये. शेवटी एलिएझरचं काय करायचं हे तुला ठरवता आलं नसेल तर नाही आलं असंच सांग.

साडी आणि मलिद्याचं. साडी नेसावीशी वाटत असेल तर जरूर नेस, आणि सजावट म्हणून बोलावलं असेल तर त्या बोलावण्याला नाही म्हण. मलिदा माझ्या फार जवळचा आहे. एलियाहू हानावी या संदेष्ट्याचं नाव घेऊन गोड पोहे, खोबरं, फळं यांचं ताट पुढे आलं की मला अजूनही भरून येतं. पण त्या दिवशी बाकीचे वीस जण पानाबद्दल बोलणार आणि तू खाण्याबद्दल, अशी वाटणी कोणी करत असेल तर ती मान्य करू नकोस.

आपल्या घरची बाजू सांगायचीच असेल तर अभ्यासाची सांग, तीही आहे. जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांच्या शाळांत आपली मुलं हिब्रू शिकली आणि ते हिब्रू घेऊन आपल्याच सिनेगॉगमध्ये परत आली. 1846 साली मुंबईत हिब्रू आणि मराठीत हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, छापला गेला. 1874 मध्ये पुण्यात निघालेल्या हग्गादात तर साड्या नेसलेल्या बायका मात्सा, म्हणजे सणाची बेखमीर भाकरी, करताना दाखवल्या आहेत. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. 1880 च्या सुमारास आपल्या लोकांनी कीर्तनाचा बाज घेतला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी पदांतून उभी केली. हा तालमूद नव्हे, तसा दावा कुठे करू नकोस. पण एक समाज एकत्र बसून ग्रंथाची ओळ उलगडतो, बायका-मुलं ऐकताहेत, मध्येच कोणी विचारतंय, हे आपल्याला परकं नाही. तुझ्या आजीनं असं कीर्तन ऐकलं असेल तर तिला फोन करून विचार. आख्यान कोणतं होतं, कोण उभं राहिलं होतं, पदं आठवतात का. भाषणासाठी नको, तुझ्यासाठीच विचार.

आता रोजच्या अभ्यासाचं. तू मागे पडतेस ती बुद्धीमुळे नाही, तुमच्या पद्धतीमुळे. जी जलद वाचते तीच वाचत राहिली तर दुसरी कायम पाठलाग करते. पाळी लावा: एका तुकड्याला वाचणार तू, अर्थ सांगणार ती, पुढच्याला उलट. तालमूदच्या नेहमीच्या, विल्ना आवृत्तीच्या छापील पानात स्वरचिन्हं नाहीत, प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविराम नाही. वाक्य प्रश्न आहे की उत्तर हे आवाजानं ठरवावं लागतं, म्हणून त्या दालनात एवढा गलका असतो. तू मनात वाचत असशील तर अर्धं काम करतच नाहीस. मोठ्यानं वाच, चुकीच्या जागी आवाज चढव, तिला तुला अडवू दे. मग तू तिला अडव. एका बैठकीत निदान तीन वेळा 'हे मला पटलं नाही, का ते दाखव' असं म्हणायचं, असा नियम स्वतःला घालून घे. सुरुवातीला ते ओढूनताणून वाटेल. वाटू दे.

आदल्या संध्याकाळी अर्धा तास एकटी बसून तालमूदमधले अनोळखी अरामी शब्द यास्त्रोच्या कोशात बघून ठेव. स्टाइनसाल्ट्झचं स्पष्टीकरण किंवा सेफारिया या संकेतस्थळावरचं भाषांतर जरूर वापर, पण स्वतः एकदा भिडल्यानंतर. आणि दिवसातून एक तुकडा घरी कोणाला तरी मराठीत समजावून सांग, फोनवर, पाच मिनिटं. कुठे कच्चं राहिलंय ते तिथेच कळेल.

हिल्लेल या जुन्या धर्मपंडिताचं वचन तुमच्या भिंतीवर कुठेतरी असेलच: लाजणारा शिकत नाही आणि तापट माणूस शिकवू शकत नाही. त्यातला पहिला भाग नवख्यांना सतत ऐकवला जातो. दुसरा भाग जलद वाचणाऱ्यांसाठी आहे, तो तिला वाचून दाखवायला हरकत नाही. एरुविन खंडात रब्बी परेदा एका शिष्याला एकेक धडा चारशे वेळा शिकवायचा. एकदा त्या शिष्याचं लक्ष उडालं, तर त्यानं पुन्हा चारशे वेळा शिकवला. तुझी जोडीदार परेदा नसेल, पण दोनदा थांबायला तिला काय हरकत आहे?

जोडी बदलायची का, तर लगेच नको. याच आठवड्यात तिच्याबरोबर बावा मेत्सिआचं ते पान वाच. ओळी तू वाच. दरोडेखोराच्या वाक्यापाशी थांब आणि हिवाळ्यातलं तिचं वाक्य तिला परत सांग. ती ओशाळली, प्रश्न विचारू लागली, तर तुला चांगली हवरुता मिळाली आहे. हसण्यावारी नेलं, किंवा 'तू फारच मनाला लावून घेतेस' म्हणाली, तर शिक्षकांना भेटून पुढच्या सत्रासाठी दुसरी जोडी माग. कारण मोकळेपणानं सांग. त्यात तक्रार केल्यासारखं वाटायचं कारण नाही, जोड्या लावणं हे त्यांचं कामच आहे.

पुढच्या सत्रात खंड निवडायला मिळाला तर ताअनीत घ्या असं मी सुचवेन. चारच अध्याय आहेत, गोष्टी भरपूर, आणि विषय पावसाचा: पाऊस कधी मागायचा, तो लांबला तर उपास कोणी, कधी, किती धरायचे. कोकणातल्या माणसांच्या मुलीला त्यावर विचारण्यासारखं पुष्कळ सुचेल.

तुझी,
मावशी